पैसा कुणाचा, संस्था कुणाची

महाराष्ट्रातल्या कुठल्याही छोट्या संस्थेच्या कार्यकारिणीची विषयपत्रिका काढून पाहा. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, वार्षिक स्नेहसंमेलन, वसतिगृहाच्या छपराची गळती, आणि मग शेवटून दुसरा विषय: आर्थिक परिस्थिती. त्याच्याखाली उरतात फक्त 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'. तिथवर पोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, दुसरा चहा होऊन गेलेला असतो आणि लांबून आलेले सदस्य शेवटच्या एसटीची वेळ बघत असतात. खजिनदार शिल्लक वाचून दाखवतात. कुणीतरी म्हणतं, "सीएसआरचं बघा ना." दुसऱ्या कुणाचा पुतण्या अमेरिकेत असतो. पुढच्या बैठकीत सविस्तर चर्चा करायचं ठरतं आणि मार्चअखेर जवळ आली की सगळेच धावपळ करू लागतात.

हा विषय पत्रिकेवर पहिला घ्यावा, यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. पैसे कमी पडतात हे कारण खरं आहे, पण दुय्यम. मुख्य कारण असं की पैसा कोण देतं यावर हळूहळू संस्था कुणाची हे ठरत जातं. घटनेत काहीही लिहिलेलं असो, वर्षाचा सत्तर टक्के खर्च एकाच खिशातून येत असेल तर त्या खिशाला विचारल्याशिवाय संस्था काही करू शकत नाही. विश्वस्तांना हे कळतं ते बहुधा उशिरा, त्या खिशाने हात आखडता घेतल्यावर.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला हे फार लवकर कळलं होतं. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी ही संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला आली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडल्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या त्यागाबद्दल आदर आहेच. तरी निधी उभारणाऱ्याने खरी शिकण्यासारखी गोष्ट पाहायची तर ती मुष्टिफंडाची. घरोघरच्या बायकांनी दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य संस्थेसाठी बाजूला ठेवायचं, एवढीच ती योजना. दागिना एकदाच मोडता येतो, मूठ रोज काढता येते. मूठभर ज्वारी साधारण चाळीस-पन्नास ग्रॅम भरते; रोज काढली तर महिन्याला सव्वा ते दीड किलो. शंभर घरांची मिळून सव्वाशे-दीडशे किलो ज्वारी, म्हणजे वसतिगृहाच्या कोठीत खरोखर दिसेल असा ढीग. आणि देणाऱ्या घराला मात्र ती जाणवतही नाही.

याहून मोठी गोष्ट त्या मुठीत होती. ज्या बाईने रोज मूठ काढली तिच्या तोंडी रोज त्या शाळेचं नाव आलं. तिचा स्वतःचा मुलगा अजून गुरांमागे फिरत असेल, पण शाळा तिची झाली. याचा प्रत्यय १९४८ मध्ये आला. भाऊरावांनी सरकारवर केलेली टीका झोंबली आणि संस्थेच्या शाळांचं सरकारी अनुदान बंद झालं. शेकडो शाळांची संस्था असं अनुदान बंद झाल्यावर कोसळायला हवी होती. ती तगली, कारण तिच्यामागे मूठ काढणारी माणसं होती. पुढे अनुदान परत सुरू झालं. पण भाऊराव टीका करू शकले, हेच मला अनुदान परत मिळण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ज्यांच्याकडे मुष्टिफंड नसतो ते अशा वेळी गप्प बसतात, आणि त्यांना दोषही देता येत नाही.

थोडंथोडं गोळा करण्याचं गुणगान करताना एक हिशेब मात्र विसरता कामा नये. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंडाची कल्पना मांडली: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे करायचे. टिळकांनी तिला पाठिंबा दिला आणि १९०८ मध्ये त्या पैशातून तळेगावला काचकारखाना उभा राहिला. तिथे काम शिकून बाहेर पडलेल्यांनी देशात इतरत्र काचेचा धंदा नेला. कल्पना देखणी आहे. पण एकेक पैसा गोळा करायला माणूस दारोदार हिंडतो, त्याच्या चपला झिजतात, पावत्या छापाव्या लागतात, हिशेब ठेवावा लागतो. स्वयंसेवक फुकट मिळाले आणि हवा स्वदेशीची होती म्हणून ते जमलं. आज दहा रुपयांच्या कुपनांची पुस्तकं छापून शाळेतल्या मुलांच्या हातात देणाऱ्या संस्थांनी छपाई, प्रवास, न परतलेली पुस्तकं आणि शिक्षकांचे तास यांचा हिशेब एकदा मांडावा. रुपया गोळा करायला किती पैसे लागतात हा आकडा ज्या संस्थेला सांगता येत नाही, तिला निधिसंकलन करता येतं असं मी म्हणणार नाही.

मोठ्या देणगीचं काय? इथे महर्षी कर्व्यांचं उदाहरण घ्यायला हवं. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. त्या काळचे पंधरा लाख! विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचं नाव मिळालं. आज आपण एसएनडीटी म्हणतो, त्यातली अक्षरं त्या माउलीच्या नावाची आहेत. १९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्यालयही पुण्याहून मुंबईला गेलं. इतकी मोठी रक्कम मिळाल्यावर कुणीही दोन वर्षं शांत झोपला असता. कर्वे १९२९ मध्ये, सत्तरी गाठलेली असताना, संस्थेची ओळख करून देत आणि निधी गोळा करत जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान झालं आणि पुढे आफ्रिकाही. मोठी देणगी मिळाल्यावर मागणं थांबवायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. हिंगण्याच्या त्यांच्या संस्थेची भाऊबीजही अशीच. दिवाळीच्या सुमारास ओवाळणीचा वाटा मागत सेविका घरोघर जातात, आणि अशी शेकडो छोटी पाकिटं मोठ्या देणगीदारापुढे संस्थेचा कणा ताठ ठेवतात.

आता गांधीजींकडे येतो, कारण या विषयावर सार्वजनिक जीवनातल्या दुसऱ्या कुणी इतकं बारकाईने लिहिलेलं मला माहीत नाही. १८९४ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेस काढली. वर्गणी महिन्याला किमान पाच शिलिंग ठरली. दरमहा वसुलीचं काम इतकं जिकिरीचं झालं की ती वार्षिक आणि आगाऊ, किमान तीन पौंड, करावी लागली. (आज बँकेतून दरमहा आपोआप रक्कम वळती होते, गांधीजींना न सुटलेला हा प्रश्न आता फोनवर एका मिनिटात सुटतो, आणि तरीही आपल्याकडच्या फार थोड्या संस्था ती सोय वापरतात.) देणारे पावती मागत नसत, पण काँग्रेस पावती दिल्याशिवाय राहत नसे. टोंगाट गावचा प्रसंग तर प्रत्येक खजिनदाराने वाचावा. एका सधन व्यापाऱ्याकडून सहा पौंडांची अपेक्षा होती आणि तो तीनच द्यायला तयार होता. घेतले असते तर त्याच्याकडे बघून बाकीच्यांनीही आकडा खाली आणला असता. मंडळी त्याच्याच घरी उतरली होती. रात्र झाली, भूक लागली होती, तरी जेवायला बसली नाहीत. समजावत रात्र सरली आणि पहाटे त्या गृहस्थाने सहा पौंड मोजले, वर जेवूही घातलं. पहिल्या देणगीचा आकडा पुढच्या सगळ्यांचा आकडा ठरवतो, हे तत्त्व हल्लीच्या प्रशिक्षण वर्गांत पडद्यावर आलेख दाखवून शिकवतात.

याच गांधीजींनी आत्मकथेत कायम निधीविरुद्ध मत दिलं आहे. सार्वजनिक संस्थेने लोकांच्या वर्षावर्षाच्या वर्गणीवर जगावं. ज्या संस्थेला लोकांचा पाठिंबा उरला नाही तिला जगण्याचा हक्कच नाही, असा त्यांचा रोख. ते अनुभवाने बोलत होते. नाताळ काँग्रेससाठी त्यांनी मालमत्ता घेऊन ठेवली होती. ते परतल्यावर विश्वस्तांत भांडणं झाली आणि तिचं भाडं कोर्टात साचत राहिलं. आपल्याकडेही भक्कम ठेवी असलेल्या, व्याजावर चालणाऱ्या आणि दहा वर्षांत एकही नवा सभासद न मिळवलेल्या संस्था गावोगाव आहेत. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्यांचे बदल अर्ज एकमेकांच्या हरकतींसह पडून असतात.

तरीही मी गांधीजींशी पूर्ण सहमत नाही. सामाजिक कृतज्ञता निधी आठवा. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे गावोगाव प्रयोग केले आणि त्या उत्पन्नातून हा निधी उभा केला. त्याच्या व्याजातून पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन द्यायचं, अशी ती योजना. त्या वेळी, आणि आजही, इमारतीला पैसे मिळतात, रुग्णवाहिकेला मिळतात, संगणकाला मिळतात. त्या इमारतीत सकाळी दहाला येऊन दार उघडणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाहीत. संगमरवरी पाटीवर देणगीदाराचं नाव कोरता येतं, वॉर्डनच्या पगारावर ते कसं कोरणार? म्हणून पगारासाठी व्याज देणारा एखादा निधी हवाच. माझा अंदाज असा की सहा महिने ते वर्षभराचा चालू खर्च भागेल इतकी ठेव संस्थेला स्वातंत्र्य देते, आणि त्याच्या चौपट झाली की तिला आळस येऊ लागतो. याला कसलंही शास्त्रीय प्रमाण नाही. ताळेबंद वाचून वाचून झालेलं मत आहे.

पगाराचा हा प्रश्न सीएसआरच्या काळात अधिक टोकदार झाला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना, म्हणजे नक्त मूल्य पाचशे कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा निव्वळ नफा पाच कोटी यांपैकी काहीही असेल त्यांना, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागावर करायच्या खर्चाला. संस्थेच्या खर्चाला ती नाही, असा खुलासा सरकारनेच केलेला आहे. तरी संस्थेचे लोक प्रस्ताव घेऊन गेले की समोरचा अधिकारी सहज म्हणतो, "ॲडमिन पाच टक्क्यांच्या वर नको." आणि आपली माणसं मान डोलावतात. मग हिशेबनीस 'प्रकल्प सहायक' होतो, कार्यालयाचं भाडं 'प्रशिक्षण केंद्रा'त जातं आणि प्रामाणिक संस्था पहिल्याच वर्षी खोटं लिहायला शिकते. नियमाची प्रत सोबत न्यावी आणि नम्रपणे समोर ठेवावी, एवढा साधा उपाय आहे. सगळे ऐकत नाहीत. काही ऐकतात.

दुसरं असं की कायदा कंपनीला तिच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. कारखाने चाकणला आणि तळोज्याला, त्यामुळे पैसाही बराचसा तिथेच. हिंगोली किंवा नंदुरबारच्या संस्थेने 'सीएसआरचं बघा ना' म्हणण्याआधी जिल्ह्यात कंपन्या किती आहेत ते मोजावं.

परदेशी पैशाबद्दल थोडक्यात. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेला परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद झालं. शहरातल्या मोठ्या संस्थेमार्फत ज्यांना पैसे मिळत होते त्या वाडीवस्तीवरच्या छोट्या गटांना याचा फटका बसला. अमेरिकेतला पुतण्या भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर गोष्ट वेगळी. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याची देणगी परदेशी ठरते. हे त्याला आधी विचारायचं, पैसे खात्यात आल्यावर नव्हे.

प्रत्यक्ष मागण्याच्या कलेला पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत, कारण आपण तिथेच सर्वाधिक कच्चे आहोत. नेहमीचं दृश्य असं: अध्यक्ष, चिटणीस आणि एक निवृत्त मुख्याध्यापक असे तिघे मार्केट यार्डातल्या अडत्याकडे जातात. गादीवर बसतात, पाणी येतं, चहा येतो. अध्यक्ष संस्थेचा इतिहास स्थापनेपासून सांगायला घेतात. मध्येच हमाल चिठ्ठी घेऊन येतो, फोन वाजतो, इतिहास पुन्हा मागून सुरू होतो. अर्ध्या तासाने शेठ स्वतःच विचारतात, "बरं, किती लिहू?" आणि तिघेही एकमेकांकडे बघतात. मग मुख्याध्यापक संकोचून म्हणतात, "तुमच्या इच्छेला येईल ते." शेठ अकराशे लिहितात. त्यांच्या मनात अकरा हजार होते की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

'तुमच्या इच्छेला येईल ते' हे वाक्य विनयाचं वाटतं, पण त्याने देणाऱ्याची अडचणच होते. किती दिले तर बरं दिसेल, हे कोडं आपण त्याच्यावर टाकतो. त्याऐवजी एका मुलीचा वसतिगृहातला वर्षाचा खर्च इतका, त्यात धान्य इतकं, भाजी-दूध इतकं, वॉर्डनच्या पगाराचा वाटा इतका. तुम्ही दोन मुलींचा खर्च उचलावा अशी विनंती. एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. ती शांतता फार जड जाते. आपल्याला ती सोसवत नाही आणि आपणच म्हणून टाकतो, "किंवा अर्धे दिले तरी चालतील." तेवढं एक वाक्य जीभ चावून अडवलं तर निधिसंकलनाचं निम्मं शिक्षण झालं म्हणायचं. आणखी एक: मागायला जाणाऱ्याने आधी स्वतः दिलेलं असावं. कार्यकारिणीतल्या अकरा जणांपैकी किती जणांनी यंदा देणगी दिली, असं एखाद्या शेठने विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. आकडा लहान चालेल, शून्य चालणार नाही.

गणपतीच्या वर्गणीने आपल्याकडे मागणाऱ्यांची पत फार घालवली आहे, हेही मान्य करू. दुकानात पाचसहा जण उभे राहतात, पावती आधीच फाडलेली असते आणि आकडाही त्यांनीच लिहिलेला असतो. खरं तर उत्सवाची वर्गणी गोळा करायलाही १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. या अनुभवाने पोळलेला दुकानदार वसतिगृहाच्या माणसालाही त्याच नजरेने बघतो. त्याच्यावर रागवून उपयोग नाही. वर्षभराने त्याच दुकानात जाऊन, काहीही न मागता, त्याच्या पैशाचं काय झालं ते सांगून आलं की नजर बदलते.

पावतीबद्दल दोन शब्द. जुन्या पावती पुस्तकात कार्बन असायचा. देणगीदाराचं नाव, गाव, रक्कम अक्षरी, सही, आणि स्थळप्रत संस्थेकडे. ती पुस्तकं म्हणजे संस्थेच्या नात्यांची वहीच असायची. आता कार्यक्रमाच्या दारात क्यूआर कोडची पाटी असते. लोक स्कॅन करतात, पाचशे रुपये येतात आणि बँकेच्या विवरणात कुठलासा मोबाइल क्रमांक उरतो. देणारा कोण, त्याने का दिलं, त्याला पुढच्या वर्षी कुणी भेटायचं, काहीच कळत नाही. कायद्यालाही हे चालत नाही. सेवाभावी संस्थेला मिळालेल्या निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये यांतल्या मोठ्या रकमेच्या वर गेल्या, की वरच्या भागावर कर बसतो. म्हणून पाटीशेजारी वही आणि पेन घेऊन एक माणूस बसवायचा. नाव, पत्ता, पॅन. ८०जीच्या करसवलतीसाठी दोन हजारांवरची देणगी रोखीत चालत नाही, आणि देणगीदारांची यादी वेळेत आयकर खात्याला गेली नाही तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क पडतं. मात्र करसवलतीवर फार भिस्त ठेवू नये. नव्या करप्रणालीतल्या पगारदाराला ती वजावट मिळतच नाही, आणि तरी तो देतो. तेव्हा तो कशासाठी देतो याचा शोध घेतलेला बरा.

पैसे नाकारण्यावरही एक प्रकरण आहे, आणि ते वगळा असा सल्ला मला दोन हितचिंतकांनी दिला होता. पैसे मिळत नाहीत तिथे नाकारायचे कुठून, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या संस्थेकडे गुटखा विकणाऱ्याचा चेक येतो. निवडणुकीच्या आधी दोन महिने एखादा इच्छुक उमेदवार शाळेला प्रयोगशाळा देऊ करतो, फक्त उद्घाटन आचारसंहितेआधी हवं असतं. बांधकाम व्यावसायिक सभागृह बांधून देतो आणि संस्थेच्या मागच्या जागेची चौकशी करतो. अशा वेळी सात विश्वस्त सात दिशांना तोंडं करतात, कारण चेक समोर असतो आणि छप्पर गळत असतं. कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत याचा ठराव आधीच, अशी कुठलीही देणगी समोर नसताना, करून इतिवृत्तात नोंदवून ठेवला तर नकार देण्याचं ओझं एकट्या चिटणीसावर पडत नाही. तो ठराव दाखवू शकतो.

अर्जांचे नमुने मी परिशिष्टात मुद्दाम दिलेले नाहीत. दिले असते तर ते जसेच्या तसे उतरवले गेले असते आणि एकाच कंपनीच्या टेबलावर चार जिल्ह्यांतून एकच मजकूर पोचला असता. त्याऐवजी खर्च कसा मांडायचा याची कोष्टकं आहेत. त्यात आपापले आकडे भरायचे आहेत. कायद्यातले फॉर्म आणि मुदती बदलत असतात, त्या दर वर्षी आपल्या सनदी लेखापालाकडून तपासून घ्याव्यात. खजिनदारांनी हिशेबाच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. अध्यक्षांनी मात्र मागण्याच्या प्रकरणापासून करावी, आणि ते वाचून झाल्यावर पुढच्या बैठकीची विषयपत्रिका खजिनदारांसोबत बसून तयार करावी.